दोष क्रमांक सात

नाशिकच्या 'कवडसा' कंपनीचं ग्राफिक्स कार्ड शैलजा मुळीकच्या टेबलावर आलं ते बुंदीच्या लाडवांच्या पुड्यासकट. लाडू त्याच दिवशी परत गेले, कार्ड राहिलं. कर्वेनगरातल्या दोन खोल्यांत शैलजा आणि तिचे दोन सहकारी मिळून 'पारख' नावाची प्रयोगशाळा चालवायचे. बाजारात येऊ घातलेलं यंत्र आधी इथे तपासलं जाई आणि मगच त्याचा निकाल छापला जाई. निकाल वाईट आला तर दुकानदार त्या मालाला हातसुद्धा लावत नसत. त्यामुळे लाडू पाठवणारे पुष्कळ होते आणि ते परत करण्याचा शैलजाला दांडगा सराव होता.

ग्राफिक्स कार्ड ही एके काळी खेळ खेळणाऱ्या पोरांची चैन होती. आता ते घराघरातल्या टीव्हीत बसलं होतं, कारण माणसं एकमेकांना भेटायची ती बहुतेक टीव्हीवरच. सगळा देश संध्याकाळी एकदम व्हिडिओ कॉल करायला लागला तेव्हा त्या चित्रांचा भार नेटवर्कला पेलेना. मग युक्ती निघाली. कॅमेऱ्यानं अख्खं चित्र पाठवायचंच नाही. चेहऱ्यावरचे काहीशे बिंदू तेवढे पाठवायचे, ओठ कुठे आहेत, भुवई किती उचलली, आणि अधूनमधून एखादा लहानसा, पुसट फोटो. उरलेला चेहरा पलीकडच्या टीव्हीतल्या कार्डानं रंगवून काढायचा, सेकंदाला साठ वेळा. म्हणजे पडद्यावर दिसे तो समोरच्या माणसाचा फोटो नव्हे, तर कार्डानं घाईघाईनं काढलेलं त्याचं चित्र असे. हे सगळ्यांना कधीतरी सांगितलं गेलं होतं आणि सगळे ते सोयीस्कर विसरले होते.

या धंद्यात हेल्वा आणि झेनॉर या दोन कंपन्या वर्षानुवर्षं पाय रोवून बसल्या होत्या. त्यांची खरी करामत होती 'ठसा'. ज्या माणसाशी तुम्ही नेहमी बोलता त्याचा चेहरा कार्ड हळूहळू पाठ करी. शे-दीडशे कॉल झाले की त्या चेहऱ्याचा पक्का ठसा तयार होई आणि मग कार्डाला पलीकडून फारसं काही लागतच नसे. खोलीतला दिवा पिवळा असो की निळा, ठशातल्या रंगाशी ताडून कार्ड तो फरक चेहऱ्यावरून पुसून टाकी. चित्र कसं लोण्यासारखं मऊ येई. ठसे कुलूपबंद होते, दुसऱ्या कंपनीला मिळत नसत. त्यामुळे कवडसाच्या कार्डाकडे कुणाचाच ठसा नव्हता. ठशाची सोय त्यात अजून बसवलेलीच नव्हती. जे बिंदू येतील, जो पुसट फोटो येईल, त्यावरूनच त्याला दर वेळी नव्यानं चित्र काढावं लागे. म्हणून ते मध्येच अडखळे, केसांच्या कडा खरखरीत काढी, आणि किंमत निम्मी असूनही त्याच्याकडे पाहून लोक नाक मुरडत.

चाचणीची रीत ठरलेली होती. एकच कॉल एकाच वेळी तीन कार्डांना, म्हणजे प्रयोगशाळेतल्या दोन जुन्या कार्डांना आणि एका नव्याला, द्यायचा आणि तीन पडदे शेजारी शेजारी लावून बघत बसायचं. आता समोरचा माणूस काही खोलीत नसतो, मग कुठलं चित्र खरं हे ठरवायचं कसं? या धंद्यातल्या सगळ्यांनी त्याचं एक सोपं उत्तर काढलं होतं. ज्या दोघांचं जुळेल ते खरं, तिसरा वेगळा दिसला तर दोष तिसऱ्याचा. शैलजानंच हा नियम अकरा वर्षांपूर्वी 'पारख'च्या वहीत पहिल्या पानावर लिहिला होता आणि आजवर तो कधी नडला नव्हता.

परक्या माणसांचे कॉल तपासणीला वापरायला कायद्यानं बंदी होती, म्हणून तिघं आपापल्या घरचे कॉल वापरत. शैलजाचा घरचा कॉल म्हणजे अण्णा. तिचे वडील विट्याला एकटे राहत. एसटीच्या डेपोत बत्तीस वर्षं मेकॅनिक होते, आता शहात्तर वर्षांचे. सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा शैलजानं त्यांना पुण्याला आणायचा चंग बांधला होता. अण्णा हटले नाहीत. शेवटी तहाची अट ठरली, की रोज संध्याकाळी साडेसहाला व्हिडिओ कॉल करायचा. नुसत्या आवाजावर भागणार नाही, मला तुम्ही दिसायला हवेत, असं तिनं बजावलं होतं. त्या एका कॉलच्या भरवशावर तिनं बापाला एकटं ठेवलं होतं. तिला भाऊ नव्हता, बहीण नव्हती. अण्णांची तब्येत हे तिच्या एकटीचंच काम होतं आणि ते आपण चोख करतो याचा तिला मनातून अभिमान होता. प्रत्यक्ष विट्याला जाणं मात्र कामाच्या रगाड्यात लांबत लांबत दीड वर्षावर गेलं होतं.

चाचणीसाठी परवानगी मागितली तेव्हा अण्णा म्हणाले होते, माझं थोबाड बघून एखादं यंत्र पास होत असेल तर होऊ दे की.

पहिल्या आठवड्यात कवडसाचे सहा दोष निघाले. सगळे किरकोळ होते. सातवा नऊ तारखेला सापडला. हेल्वाच्या पडद्यावर अण्णा नेहमीसारखे होते, पांढरी टोपी, तांबूस गाल, मिस्कील डोळे. झेनॉरवरही तेच. कवडसावर मात्र त्यांचा चेहरा किंचित पिवळट दिसत होता आणि डोळ्यांचा पांढरा भागही. शैलजानं रंगमापक लावून मोजलं आणि वहीत लिहिलं, 'दोष क्रमांक सात. त्वचा व डोळे पिवळसर. रंगमेळ चुकतो. फरक चार.' बारा तारखेला फरक सात होता. पंधराला अकरा. दोष वाढत जातोय याचंच तिला नवल वाटलं. कार्ड तापल्यावर रंग सोडत असावं असा तिनं कयास केला आणि तोही लिहून ठेवला.

त्याच दिवशी बोलता बोलता अण्णा हातावर खाजवत होते. तिन्ही पडद्यांवर खाजवत होते. तिनं विचारलं, तर म्हणाले उन्हाळा आहे, घामोळं असेल. जेवण कसं आहे विचारलं, तर म्हणाले तोंडाला चव नाही, पण आंबे आले की येईल. शैलजानं एकदा हेल्वाच्या पडद्याकडे पाहिलं. गाल तांबूस होते. तिचा जीव भांड्यात पडला.

तिनं दोष क्रमांक सातचा नमुना कवडसाच्या चाचणी विभागाला पाठवला. तिथला प्रमुख तौसिफ शिकलगार हा तिशीतला मुलगा होता, उत्तराच्या शेवटी नेहमी दोनदा आभार मानणारा. त्यानं दोन दिवसांची मुदत मागितली आणि दुसऱ्याच दिवशी सुधारणा पाठवली. ती कार्डात भरली आणि अण्णांचा चेहरा क्षणात उजळला. आता तिन्ही पडदे जुळले. शैलजानं दोष खोडला, कवडसाचे चार गुण वाढवले आणि मनाशी म्हणाली, पोरं शिकतील हळूहळू.

निकाल तेवीस तारखेला छापायचा होता. एकवीसला सकाळी अकराच्या सुमाराला तौसिफ शिकलगार न कळवता 'पारख'च्या दारात येऊन उभा राहिला. नाशिकहून पहाटेच्या गाडीनं आला होता. निकालाआधी कंपनीच्या माणसाला भेटायचं नाही हा नियम शैलजानं त्याला दारातच ऐकवला. गुण मागायला आलो नाही मॅडम, असं तो म्हणाला, पण आत यायचं धाडसही त्याला होईना. शेवटी तिनं त्याला बसायला सांगितलं. त्यानं लॅपटॉप उघडून तिचाच नमुना लावला, सुधारणा करण्याआधीचा.

"मॅडम, तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही रंग बदलला," तो म्हणाला. "मनुष्याच्या कातडीचा सरासरी रंग काढला आणि चेहरा तिकडे ओढला. तुमचा शब्द म्हणजे आमच्यासाठी... साहेब म्हणाले, लगेच करून टाक. मी केलं. पण मला ते पटत नाहीये."

शैलजा थोडी ताठ झाली. नव्या कंपनीचा माणूस निकालाच्या दोन दिवस आधी येऊन तिला चूक सांगतो, हे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. काय पटत नाही, असं तिनं कोरडेपणानं विचारलं.

"टोपी बघा, मॅडम."

तिनं पाहिलं. अण्णांची टोपी पांढरीशुभ्र होती. तिच्या खाली दोन बोटांवर कपाळ पिवळं होतं.

"रंगमेळ चुकला असता तर टोपीही पिवळी झाली असती. मागची भिंत झाली असती, सदरा झाला असता. रंगमेळ करताना कार्डाला टोपी आणि कपाळ यांतला फरक कळत नाही, ते सगळ्याला एकच हिशेब लावतं. इथे फक्त चेहरा आणि डोळे पिवळे आहेत." त्यानं पडद्याकडे बोट केलं. "हे कोण आहेत, ते मला माहीत नाही. पण त्यांना डॉक्टरकडे न्यायला हवं."

पांढऱ्या वस्तूवरून रंग ताडायचा हा या विद्येतला पहिला धडा. दर वर्षी नव्या उमेदवारांना शैलजा स्वतः तो शिकवायची, कपाटात त्यासाठी पांढऱ्या कागदाचा गठ्ठा ठेवलेला होता. दोन जुन्या कार्डांचं एकमत झालेलं होतं, म्हणून तिनं टोपीकडे पाहिलंच नव्हतं. हेल्वाला आणि झेनॉरला अण्णा तोंडपाठ होते. चेहरा पिवळा झाला तेव्हा दोघांनीही दिवा पिवळा आहे असं समजून तो पिवळेपणा पुसला होता. ती सहा वर्षं रोज संध्याकाळी बापाचा ठसा बघत बसली होती. आणि ज्या एका कार्डाला अण्णा अनोळखी होते, त्यानं ते जसे होते तसे दाखवले, तर तिनं त्याचे गुण कापले.

"माझे वडील आहेत," ती म्हणाली आणि उठली.

विट्याला पोचेपर्यंत चार वाजले. अण्णा पडवीत खुर्चीवर बसून कसलासा बोल्ट पुसत होते. प्रत्यक्षात ते कवडसानं दाखवले त्याहूनही पिवळे होते, आणि सदरा त्यांना दोन मापं मोठा झाला होता. शैलजाला रडू फुटलं. अण्णा मात्र तिच्याकडे बघत राहिले.

"एवढी पिकलीयास कधी गं?" ते म्हणाले. "टीव्हीवर तर केस काळेभोर दिसत्यात तुझे."

ठसा त्यांच्याकडेही होता. तिनं केस रंगवणं सोडून वर्ष झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कराडच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी फिरवाफिरव न करता सांगितलं. पित्ताची नळी दाबली गेली होती, दाबणारी गाठ स्वादुपिंडाच्या तोंडाशी होती, आणि ती आता अशा जागी पोचली होती, की कापून काढणं धोक्याचं होतं. नळीत एक बारीक नळकांडी बसवून पित्त वाहतं करता येईल, कावीळ उतरेल, भूक लागेल, औषधांनी गाठीला थोपवता येईल. नळकांडी तीन-चार महिन्यांनी कधीतरी तुंबते, तेव्हा ताबडतोब बदलावी लागते. उशीर झाला तर मात्र विष भिनतं. मग त्यांनी विचारलं, पिवळेपणा कधीपासून आहे, घरच्यांना सहसा सांगता येत नाही, पण अंदाजे?

शैलजाला अंदाज करावा लागला नाही. तिनं फोनवर वहीचं पान काढलं आणि समोर धरलं. नऊ तारीख, फरक चार. बारा तारीख, सात. पंधरा, अकरा. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. इतकी नीट नोंद मी कुणाकडे पाहिलेली नाही, असं ते म्हणाले आणि रकान्याच्या डोक्यावर 'दोष' का लिहिलंय ते विचारलं. तिनं खरं ते सांगितलं. नऊ तारखेला आणलं असतं तर काही वेगळं झालं असतं का, हेही विचारलं. कदाचित, पण खात्रीनं सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते दयाळू होते की प्रामाणिक, हे तिला ठरवता आलं नाही.

अण्णांना खाटेवर घेतलं होतं. तिनं त्यांचा हात धरला आणि विचारलं, की खाज सुटत होती, अन्न जात नव्हतं, शेजारच्यांना तरी सांगायचं होतं, कुणालाच कसं सांगितलं नाहीत?

"कुसुम म्हनत हुती शेजारची, अण्णा, डोळं पिवळं दिसत्यात," ते म्हणाले. "मी म्हनलो, अगं, शैला रोज बघती की मला. तिचं कामच हाय बघायचं. काय असतं तर ती बोलली असती." थोड्या वेळानं त्यांनीच तिची समजूत काढायला घेतली. "तू काय बोलली न्हाईस, म्हनून म्हनलो, काय नसंल."

शैलजानं त्यांचा हात सोडला नाही. तिला पुष्कळ काही सांगायचं होतं, ठशाबद्दल, तीन पडद्यांबद्दल, पण त्यातलं एकही वाक्य त्या खाटेपाशी बोलण्याजोगं नव्हतं.

निकाल आठवडाभर उशिरा छापला गेला. त्यात तिनं कवडसाची बाजू घेतली नाही. कार्ड अडखळतं, केसांच्या कडा खराब काढतं, तिन्ही पडदे दाखवलेल्या चाळीस प्रेक्षकांपैकी छत्तीस जणांनी जुन्यांचंच चित्र पसंत केलं, हे सगळं तिनं जसंच्या तसं लिहिलं. मग दोष क्रमांक सात पूर्ण छापला, आकड्यांसकट, तारखांसकट, आणि खाली लिहिलं, की हा दोष कार्डाचा नव्हता, तपासणाऱ्याचा होता. दोघांचं जुळेल ते खरं हा नियम 'पारख'नं रद्द केला आहे. यापुढे दर चाचणीत एक माणूस कॉलच्या त्या टोकाला प्रत्यक्ष बसवला जाईल, पांढरा कागद हातात देऊन. तौसिफ शिकलगारची सुधारणा काढून टाकल्याशिवाय कार्ड विकू नये, अशी अटही तिनं घातली. कवडसानं ती पाळली.

पत्रांचा पाऊस पडला. हेल्वा आणि झेनॉर या दोघांनीही, अगदी एकमतानं, कळवलं की आम्ही ग्राहकाला आवडतं ते देतो. ते खोटंही नव्हतं. सोलापूरच्या एका बाईंनी लिहिलं, की माझी आई मला आहे तशी बघायची नाही, होती तशीच बघायची आहे, तुम्ही मध्ये पडू नका. शैलजानं ते पत्रही छापलं. कवडसाचा खप काही आभाळाला भिडला नाही. पण ज्यांचे आईवडील लांब गावी होते अशी माणसं दुकानात जाऊन तेच कार्ड मागू लागली, आणि कंपनी तग धरून राहिली.

अण्णा पुण्याला आले नाहीत ते नाहीतच. नळकांडी बसली, कावीळ उतरली, चार किलो वजन भरलं. आता दर दुसऱ्या शनिवारी शैलजा विट्याला जाई आणि बाकीचे दिवस साडेसहाचा कॉल करी. तिच्या आणि अण्णांच्या, दोन्ही टीव्हींत तिनं कवडसाचं कार्ड बसवलं होतं. अण्णांनी पहिल्या दिवशी कुरकुर केली, की हे कार्ड तुला म्हातारी करतंय, जुनंच बरं होतं. तिनं ऐकलं नाही. कॉल लागला की इकडचं तिकडचं बोलण्याआधी ती जे दिसेल ते मोठ्यानं सांगे. आज डोळे स्वच्छ आहेत. आज गाल बसलेत, काल जेवला नाहीत वाटतं. अण्णांना सुरुवातीला हा पोरखेळ वाटे. मग तेही तिच्याकडे निरखून बघून सांगू लागले, की तू आज झोपलेली नाहीस, डोळ्यांखाली बघ काय झालंय ते. अशी साडेतीन महिने दोघांनी एकमेकांची हजेरी घेतली.

श्रावणातल्या एका मंगळवारी कॉल लागला. अण्णा टोपी घालून बसले होते, मागे भिंतीवर चुना नुकताच दिलेला होता. चित्र एकदा अडखळलं आणि स्थिर झालं. शैलजानं टोपीकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग डोळ्यांकडे. तिला वाटलं, आपल्याला भास होतोय. तिला वाटलं, उद्यापर्यंत थांबून बघावं. चांगली बातमी द्यायला तोंड सहज उघडतं. वाईट बातमीला मात्र ते मुद्दाम उघडावं लागतं, आणि पलीकडे अण्णा वाट बघत होते.

"अण्णा," ती म्हणाली, "डोळे परत पिवळे दिसतायत."

अण्णांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, ती तिला स्वच्छ दिसली, आणि भीतीच्या मागोमाग एक सुटकाही दिसली.

"दुपारपासनं खाज सुटलीया," ते म्हणाले. "म्हनलं, तुला दिसतंय का बघू. दिसलं न्हवं? मग ये."

"निघाले," शैलजा म्हणाली, आणि गाडीची किल्ली शोधत असताना तिनं कॉल चालूच ठेवला.